गर्दीला चेहरा नसतो

पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापुरात उतरणाऱ्या पाहुण्याला विचारून पाहावे, की या गाडीला हे नाव कोणामुळे पडले? दहांतले आठजण मान हलवतील. शहरातले चार पुतळे दाखवले म्हणजे मग उलगडा होतो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात हे चौघे फासावर गेले. त्यांच्यावर आरोप होता तो दोन पोलिसांच्या खुनाचा. चौघांपैकी कुर्बान हुसेन यांनी तर वयाची पंचविशीही पाहिली नव्हती.

त्यांचे सोलापूर हे भोंग्यावर जागे होणारे सोलापूर. १८७७ साली उभी राहिलेली जुनी गिरण आणि तिच्या मागोमाग आलेल्या गिरण्या यांनी गावाचे शहर केले. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे एकाच खात्यात घाम गाळीत आणि संध्याकाळी आपापल्या पेठांत परतत. कुर्बान हुसेन वाढले ते याच वातावरणात. गिरणी कामगारांत ते वावरले, त्यांना संघटित करू लागले, आणि त्या कोवळ्या वयात त्यांनी साप्ताहिकही चालवले. हिंदू आणि मुसलमान यांनी एक झाल्याखेरीज ना कामगाराचे भले होणार, ना देशाचे, हे ते हिरिरीने मांडीत. आपल्याकडे एवढ्या वयाच्या मुलाला अजून घरात किराणा आणायला पाठवतात!

१९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह ऐन भरात होता. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटून उठले. सभा, हरताळ, मिरवणुका यांना ऊत आला. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडे तोडण्यास लोक जमले. दारूबंदीच्या सत्याग्रहाचाच तो भाग. पोलिसांनी काहीजणांना पकडले, लोकांनी त्यांच्या सुटकेचा आग्रह धरला, आणि कलेक्टर नाइट यांच्या समक्ष गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण जागच्या जागी ठार झाला. मग गर्दीचा तोल गेला. मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर जमाव चालून गेला, त्यात दोन पोलीस मेले. कोर्टाची इमारतही जळाली. पोलीस शहर सोडून गेले आणि तीन-चार दिवस सोलापूरचा कारभार नागरिकांनीच पाहिला. इंग्रज सरकारला हे सहन होणे शक्यच नव्हते. १२ मेला लष्करी कायदा पुकारला गेला, तो ३० जूनपर्यंत चालला. तिरंगा हाती धरणे हाही त्या दिवसांत तुरुंगात नेणारा गुन्हा ठरला.

दोन माणसे मेली होती, हे विसरून चालणार नाही. तुटपुंज्या पगारावर नोकरी करणाऱ्या शिपायाच्या घरीही कोणी वाट पाहणारे असतेच. त्यांच्या मृत्यूचा जाब कायद्याने मागायलाच हवा होता. प्रश्न एवढाच, की तो मागायचा कोणाकडे? शेकडो लोकांच्या धावपळीत, धुरात, आरडाओरडीत घाव कोणाचा होता?

फौजदारी कायद्यात या अडचणीवर एक तोड आहे. बेकायदा जमावाने समान उद्देशाने गुन्हा केला, तर त्या जमावातला प्रत्येकजण त्या गुन्ह्याला जबाबदार. १८६० च्या दंड संहितेतले हे १४९ वे कलम. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी हे तत्त्व कायमच आहे. मारले कोणी हे सांगता आले नाही, तरी हजर कोण होते एवढे सिद्ध झाले की माणूस अडकतो. म्हणूनच अशा खटल्यात ओळख पटवणाऱ्या साक्षीदाराच्या शब्दावर माणसाचा जीव टांगलेला असतो. मी बँकेत उभा जन्म काढला. तिथे पाच रुपये नावे टाकायचे तरी व्हाउचर लागते, आणि त्यावर दुसऱ्याची सही लागते. माणसाच्या प्राणाची नोंद करताना याहून कमी काळजी कशी चालेल?

चौघांना फाशीची शिक्षा झाली. मुंबईच्या उच्च न्यायालयात अपील झाले, पण शिक्षा कायम राहिली. दयेची याचनाही सरकारने मानली नाही. सरकारला धडा शिकवायचा होता, आणि धड्यासाठी चेहरे हवे होते, अशीच सोलापूरकरांची पिढ्यानपिढ्यांची समजूत आहे.

हा प्रश्न काही राजकीय दंग्यापुरता नाही. बांधावरून, पाण्यावरून, जत्रेतल्या मानावरून गावात दोन तट पडतात, एखाद्या रात्री कुऱ्हाडी निघतात, आणि सकाळी फिर्यादीत विरुद्ध तटातली सगळी कर्ती माणसे आरोपी म्हणून येतात. काही खरोखर होती, काही केवळ भाऊबंद म्हणून गोवलेली. उत्तर प्रदेशातल्या एका गावच्या अशाच वैरातून झालेल्या हत्यांचे अपील १९६४ साली सर्वोच्च न्यायालयात आले. ते मसाल्टी प्रकरण म्हणून ओळखले जाते. सरन्यायाधीश होते साताऱ्यात जन्मलेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. आरोपी पुष्कळ असतील तेव्हा दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी सुसंगतपणे ज्याचे नाव घेतले त्यालाच दोषी धरावे, ही कसोटी न्यायालयाने योग्य मानली. कुर्बान हुसेन यांना जाऊन तोवर तेहतीस वर्षे झाली होती.

ते फासावर गेले तेव्हा गांधीजीही येरवड्यातच कैदेत होते. चौदा दिवसांनी, २६ जानेवारीला, ते सुटले. ५ मार्चला आयर्विन यांच्याशी त्यांचा करार झाला. पण हिंसेच्या आरोपाखालच्या कैद्यांना त्या करारात जागा नव्हती. चौघे जिवंत असते तरी करारामुळे सुटले नसते. मात्र जिवंत माणसाच्या निकालपत्रातली चूक उद्या कोणी दाखवली, तर दार उघडता येते. फाशीनंतर ते दार राहत नाही.

सोलापुरात तेव्हा संक्रांत तोंडावर आली होती. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचे, नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे ते दिवस. दरवर्षी त्याच सुमारास १२ जानेवारी उजाडते आणि पुतळ्यांना हार पडतात. हार घालायला मुलांना नेणाऱ्या आईबापांनी चौथ्या पुतळ्यापाशी क्षणभर अधिक थांबावे. मुलांना सांगावे, की हा पोरगा गिरणगावातला होता, लिहिणारा होता, आणि शेजाऱ्याचा धर्म न विचारता त्याच्या बाजूने उभा राहणारा होता. आणि गावात, गल्लीत भांडण झाले आणि पंच म्हणून आपल्याला कोणी विचारले, तर जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगायचे, हेही त्याच वेळी सांगून ठेवावे.