खिळे घासणारा जावजी

प्रोजेक्ट रिपोर्टच्या सबमिशनची आदली रात्र म्हणजे काय, हे होस्टेलवर राहणाऱ्याला सांगायला नको. आमची ती रात्र एका गणिती चिन्हाने खाल्ली. लाटेकच्या नेहमीच्या फाँटमध्ये ते चिन्ह नव्हते. दुसऱ्या फाँटमध्ये होते, पण त्याचे आख्खे पॅकेज घेतले की बाकीची चिन्हेही बदलायची. शेवटी त्या फाँटला वेगळे नाव दिले, त्यातल्या एकाच खणाचा नंबर सांगितला आणि चिन्ह उसने आणले. आले खरे, पण ओळीत वर बसले आणि बारीक दिसले!

सुट्टीत सोनपेठला गेल्यावर हे रडगाणे एका काकांना ऐकवले. तरुणपणी त्यांनी छापखान्यात खिळे जुळवलेले. ते हसले आणि जावजी दादाजींची गोष्ट सांगू लागले. पुढे मीही थोडे वाचले.

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ चा. घरी गरिबी. शाळेच्या वयातच ते मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात लागले. काम काय, तर ओतून आलेले खिळे घासायचे. पगार महिना २ रुपये!

हे काम हलके वाटते, पण सगळी मेख तिथेच आहे. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणातून ओतलेला खिळा उंचीला जरा जास्त राहिला तर कागदात रुततो, कमी पडला तर अक्षर पुसट उठते. दुसऱ्या घाटाचा एकच खिळा उसना घेऊन ओळीत घातला की हेच होते. अक्षर ओळखीचे, पण अंगाची उंची वेगळी. मग खालून कागद चिकटवा, नाहीतर घासत बसा. देवनागरीत जोडाक्षरांमुळे खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी, म्हणजे उसनवारीची वेळ हरघडी. जावजींची बोटे लहानपणापासून या केसाएवढ्या फरकावरच तयार झाली.

पुढे त्यांनी इंदुप्रकाश आणि इतर छापखान्यांत नोकऱ्या केल्या. १८६४ साली त्यांनी स्वतःची टाइप फौंड्री काढली. सोबत मित्र राणोजी रावजी आरू. पोलादावर अक्षराचा ठसा कोरण्यात राणोजींचा हात धरणारा विरळा. माझ्या मते निम्मे श्रेय त्यांचे, पण नाव मात्र फारसे कोणी घेत नाही.

१८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू झाला. ओतशाळा हाताशी, त्यामुळे एखादे जोडाक्षर कमी पडले तर दुसऱ्याच्या दारात जायला नको. त्याच अंगाचे, त्याच जाडीचे नवे ओतता येई. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिक १८८१ पासून इथेच निघाले. १८८६ पासून संस्कृत ग्रंथांची ‘काव्यमाला’ आली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब तिचे संपादक. निर्णयसागरी वळण देशभरच्या संस्कृत पंडितांच्या ओळखीचे झाले. घासकाम करणाऱ्या पोराच्या छापखान्याची ही पत!

१८९२ मध्ये जावजी गेले. वय अवघे पन्नाशीच्या आसपास. कारभार मुलगा तुकाराम याने पुढे चालवला.

परत आल्यावर मी ते चिन्ह पाच टक्के मोठे केले आणि किंचित खाली ओढले. जावजींना यासाठी कानस लागली असती, मला दोन आकडे बदलावे लागले. तिसऱ्या प्रिंटला ते ओळीत बसले.