रुक्मिणीदेवी अरुंडेल

रुक्मिणीदेवी अरुंडेल (जन्म : मदुराई, २९ फेब्रुवारी १९०४, मृत्यू : मद्रास, २४ फेब्रुवारी १९८६) या भरतनाट्यम नर्तकी, कलाक्षेत्र या संस्थेच्या संस्थापिका आणि राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्या होत्या. नृत्यातील कार्यामुळे त्यांचे नाव सर्वश्रुत झाले. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या भारतीय कायद्यामागे त्यांचेच प्रयत्न होते, याचा उल्लेख मात्र त्यांच्या चरित्रांतून बहुधा ओझरताच येतो. कुत्र्यांच्या व्यापारी प्रजननावर आज भारतात जे नियंत्रण आहे, त्याचे मूळ याच कायद्यात आहे.

पूर्वायुष्य

वडील नीलकंठ शास्त्री सरकारी बांधकाम खात्यात अभियंता होते. थिऑसॉफिकल सोसायटीचे अनुयायी असल्याने सेवानिवृत्तीनंतर त्यांनी मद्रासजवळील अड्यार येथे सोसायटीच्या सान्निध्यात वास्तव्य केले. तेथे रुक्मिणीदेवींना ॲनी बेझंट यांचा सहवास लाभला. १९२०मध्ये त्यांनी जॉर्ज अरुंडेल या वयाने बरेच मोठे असलेल्या इंग्रज थिऑसॉफिस्टशी विवाह केला. या विवाहाने मद्रासच्या सनातनी समाजात मोठी खळबळ उडाली.

रशियन नर्तकी ॲना पाव्हलोव्हा यांच्या परिचयातून त्यांचे लक्ष नृत्याकडे वळले. त्या काळी प्रतिष्ठित समाजाने त्याज्य ठरविलेले सादिर नृत्य त्या मैलापूर गौरी अम्मा आणि पंदनल्लूर मीनाक्षीसुंदरम पिल्लै यांच्याकडे शिकल्या. १९३५मध्ये त्यांनी ते जाहीररीत्या सादर केले आणि पुढच्याच वर्षी कलाक्षेत्राची स्थापना केली.

राज्यसभेतील विधेयक

१९५२मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. कलावंत म्हणून सभागृहात आलेल्या या सदस्येने हाती घेतलेला विषय मात्र कलेचा नव्हता. त्या वेळी १८९०चा ब्रिटिशकालीन कायदा अमलात होता. त्याचा रोख प्रामुख्याने रस्त्यावर किंवा लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी होणाऱ्या क्रौर्यावर होता. बंद दाराआड, मालकाच्या आवारात किंवा प्रयोगशाळेत जे घडे, त्यापर्यंत तो क्वचितच पोहोचत असे.

रुक्मिणीदेवींनी १९५३मध्ये नवे खासगी विधेयक मांडले. १९५४मध्ये त्यावर चर्चा झाली, तेव्हा पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी विधेयकामागील भावनेचे समर्थन केले. परंतु या व्यापक विषयाचा सरकार समितीमार्फत विचार करील, असे आश्वासन देऊन विधेयक मागे घेण्याची विनंती केली. रुक्मिणीदेवींनी ती मान्य केली. मागे घेतलेले विधेयक बासनात गुंडाळले जाते, असाच एरवीचा अनुभव आहे. येथे तसे झाले नाही. मात्र सहा वर्षे गेली.

१९६०चा कायदा

सरकारी विधेयकाला डिसेंबर १९६०मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याच्या तिसऱ्या कलमाने प्राण्याच्या सुस्थितीची जबाबदारी तो ज्याच्या ताब्यात असेल त्याच्यावर टाकली. अकराव्या कलमात क्रौर्याचे प्रकार एकेक करून सांगितले आहेत : हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणे, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने दीर्घकाळ बांधणे, पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने फिरविण्याची हयगय करणे हाही स्वतंत्र अपराध मानला आहे. प्रयोगांसाठी व खेळांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. प्रयोगांना बंदी नाही, नियंत्रण आहे; धर्माला आवश्यक अशा पद्धतीने केलेली हत्या कायद्याने अपराधातून वगळली आहे.

व्याख्या विस्तृत असली, तरी शिक्षा अगदीच सौम्य राहिली. अकराव्या कलमाखालील पहिल्या अपराधास कमाल दंड ५० रुपये, तीन वर्षांच्या आत पुन्हा अपराध घडल्यास कमाल १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. यांपैकी बहुतेक अपराध अदखलपात्र असल्याने पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. शिवाय खटला तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. जो अपराध बंद खोलीत घडतो आणि ज्याचा बळी तक्रार करू शकत नाही, त्याच्या बाबतीत ही मुदत फारच तोकडी आहे.

प्राणी कल्याण मंडळ

कायद्याच्या चौथ्या कलमानुसार १९६२मध्ये भारतीय प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले व रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्याच वर्षी त्यांची राज्यसभेची मुदत संपली; त्यामुळे पुढील काम त्यांनी मंडळामार्फत केले. १९७७मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी राष्ट्रपतिपदासाठी त्यांचे नाव सुचविले असता त्यांनी नकार दिला. त्यांना पद्मभूषण (१९५६) आणि संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (१९५७) मिळाला होता.

श्वानप्रजननाचे नियम

पाळीव कुत्र्यांच्या पिल्लांचा बाजार वाढला तो रुक्मिणीदेवींच्या मृत्यूनंतर. जातिवंत माद्यांना पिंजऱ्यात कोंडून प्रत्येक माजाला फळविणे आणि दूध तुटण्याआधीच पिल्ले विकणे, असे प्रकार होऊ लागले. परंतु या व्यवसायासाठी स्वतंत्र नियम नव्हते. भारतीय विधी आयोगाने ऑगस्ट २०१५मधील २६१व्या अहवालात अशा नियमांची शिफारस केली. १९६०च्या कायद्यातील ३८व्या कलमाने केंद्र सरकारला नियम करण्याचा अधिकार दिलेला होता. त्याच्याच आधारे मे २०१७मध्ये श्वानप्रजनन व विक्रीचे नियम लागू झाले; नव्या कायद्याची गरज पडली नाही.

या नियमांनुसार प्रजनन करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. १८ महिन्यांपेक्षा लहान मादी प्रजननासाठी वापरता येत नाही, तिच्याकडून आयुष्यात पाचांहून अधिक वेत घेता येत नाहीत आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आहे. नियमभंगाची शिक्षा मात्र मूळ कायद्याप्रमाणेच, म्हणजे १०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी ठेवण्यात आली. शिक्षा वाढविण्यासाठी कायद्यात करावयाच्या दुरुस्तीचा मसुदा केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२मध्ये जनतेच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला.