राजगृह : ग्रंथांसाठी बांधलेले घर

राजगृह पाहून बाहेर पडलेला विद्यार्थी हमखास एक प्रश्न विचारतो. तळमजल्यावरील दालनांत त्याने बाबासाहेबांचा चष्मा, काठ्या, लेखनाचे मेज आणि छायाचित्रे पाहिलेली असतात. अस्थिकलशापुढे तो नतमस्तक झालेला असतो. हे घर बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी बांधले, असे आम्ही शिक्षकांनी वर्गात सांगितलेले असते. मग ते ग्रंथ कुठे आहेत, असे तो विचारतो. याचे उत्तर द्यायचे तर बाबासाहेबांच्या घरांची सारी हकिगतच सांगावी लागते.

सप्टेंबर 1917 मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्या नगरीत त्यांना राहावयास खोली मिळेना. नाव बदलून ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले; अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. निवारा न मिळाल्याने त्यांनी अखेर मुंबई गाठली. त्याच वर्षी त्यांच्यावर आणखी एक आघात झाला होता. न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन जमवलेले सुमारे 2000 जुने ग्रंथ त्यांनी एका मित्राकडे ठेवले होते, त्यांतील थोडेच हाती आले. आणि लंडनहून निघताना स्वतंत्र जहाजाने पाठवलेले सामान महायुद्धात त्या जहाजाबरोबर समुद्राच्या तळाशी गेले. माणसाला खोली नाही आणि ग्रंथांना जागा नाही, या दोन्ही गोष्टी बाबासाहेबांनी एकाच वर्षात अनुभवल्या. राजगृहाचा पाया तिथे आहे, असे मला वाटते.

मुंबईत त्यांचे बिऱ्हाड परळच्या बी. आय. टी. चाळीत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या 50 आणि 51 क्रमांकाच्या दोन खोल्या. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकी, लंडनचे दुसरे वास्तव्य, वकिली, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, एवढा सारा काळ त्यांचे कुटुंब त्या दोन खोल्यांत राहिले. पोयबावडीच्या दामोदर हॉलजवळ कचेरी होती; परंतु ग्रंथ वाढतच होते. वकिलीत जम बसल्यावर त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले, बँकेचे कर्ज काढले आणि 1933 पर्यंत दोन इमारती उभ्या केल्या. पाचव्या गल्लीतील राजगृह राहण्यासाठी व ग्रंथालयासाठी, तिसऱ्या गल्लीतील चारमिनार उत्पन्नासाठी. राजगृहात कुटुंब खाली आणि ग्रंथ वर, अशी योजना होती. घर बांधणारे लोक देवघराची जागा आधी ठरवतात, बाबासाहेबांनी कपाटांची ठरवली.

नावही लक्षात घेण्याजोगे आहे. राजगृह ही मगधाची राजधानी. बिंबिसार राजाने तथागतांना वेळुवन दान दिले ते तिथे, आणि पहिली धम्मसंगीती भरली तीही तिथेच. येवल्याची घोषणा ऑक्टोबर 1935 मधील, धम्मदीक्षा 1956 मधील. घराचे हे नाव त्या दोन्हींच्या आधीचे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने हा क्रम नजरेआड करू नये.

1934 साली कुटुंब नव्या घरात आले आणि 27 मे 1935 रोजी माता रमाईंनी याच वास्तूत अखेरचा श्वास घेतला. पती परदेशी असताना त्यांनी अपार हालअपेष्टांत संसार चालवला होता. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार अपत्ये गमावली होती. एकटे यशवंत वाचले होते. धारवाडच्या वसतिगृहातील मुलांसाठी त्यांनी हातातील बांगड्या काढून दिल्याची आठवण आपल्याकडे आजही सांगितली जाते. आपल्यासारख्या निवासी शाळेत ती सांगताना शिक्षकाचा आवाज जड होतो. वरच्या मजल्यावरील ग्रंथांची किंमत त्या माउलीने चाळीत मोजली होती, आणि स्वतःच्या घरात तिला मिळाला तो जेमतेम वर्षभराचा सहवास. पुढे 1940 साली पाकिस्तानच्या प्रश्नावरील ग्रंथ बाबासाहेबांनी तिच्या स्मृतीस अर्पण केला.

या घरातील वर्षे वादळी होती. जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील ते न झालेले भाषण 1936 मधले, स्वतंत्र मजूर पक्षही त्याच वर्षीचा. ग्रंथांची संख्या 50,000 च्या घरात गेली असे सांगतात. कर्जाचा बोजा मात्र होताच. 1941 साली देणी भागवण्यासाठी आणि ग्रंथखरेदीसाठी चारमिनार विकण्यात आले. राजगृह त्यांनी विकले नाही.

1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि बिऱ्हाड दिल्लीला गेले. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. राजगृहातील ग्रंथांचा मोठा भाग या महाविद्यालयाकडे गेला. ज्यांच्यावाचून त्यांना करमत नसे ते ग्रंथ त्यांनी गोरगरिबांच्या मुलांच्या हाती दिले. चारमिनारची विक्री सर्वांना ठाऊक असते, या दानाविषयी क्वचितच बोलले जाते.

6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत अलिपूर रोडवरील निवासस्थानी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव विमानाने मुंबईत आणून अंत्यदर्शनासाठी राजगृहात ठेवण्यात आले आणि 7 तारखेला येथूनच अंत्ययात्रा दादरच्या समुद्रकिनाऱ्याकडे निघाली. आज वरच्या मजल्यांवर त्यांचे वंशज राहतात, खाली संग्रहालय आहे. जुलै 2020 मध्ये याच वास्तूच्या आवारात कुंड्या फोडण्यात आल्या, काचांवर दगड मारण्यात आले. त्या दिवशी आमच्या मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते लिहिण्याचे धाडस होत नाही.

सहल नेतो तेव्हा मी महाविद्यालय उघडे असलेला दिवस निवडतो. राजगृहातून निघून दादर स्थानकावर मध्य रेल्वेची गाडी धरायची, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचे आणि दादाभाई नौरोजी मार्गाने चालत सिद्धार्थ महाविद्यालयाच्या आनंद भवनापाशी थांबायचे. कुठे गेले ते ग्रंथ, असे विचारणाऱ्या मुलाला मी तिथे रांगेत सर्वांत पुढे उभा करतो.