निम्मी ऊर्जा गेली कुठे? जेम्स जूल आणि कपॅसिटरचा हिशोब

आधी एक छोटं गणित. ५ व्होल्टची बॅटरी घ्या, १००० मायक्रोफॅरडचा रिकामा कपॅसिटर घ्या आणि मध्ये एक रेझिस्टर टाकून जोडा. कपॅसिटर पूर्ण चार्ज झाला की त्यात १२.५ मिलिजूल ऊर्जा साठलेली असते. पण तोपर्यंत बॅटरीने दिलेली असते २५ मिलिजूल. निम्मी गायब! बरं, रेझिस्टर १० ओहमचा लावा नाहीतर १००० ओहमचा, गायब होणारा आकडा तोच.

ही निम्मी ऊर्जा कुठे जाते हे ज्याच्या नियमामुळे कळलं, त्याचंच नाव त्या मिलिजूलमध्ये आहे. जेम्स प्रेस्कॉट जूल. आणि हा माणूस प्राध्यापक नव्हता. त्याच्या घरचा धंदा होता बिअर बनवण्याचा.

जन्म २४ डिसेंबर १८१८, इंग्लंडमध्ये मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्ड गावी. लहानपणी पाठीच्या कण्याचा त्रास, स्वभाव लाजाळू, त्यामुळे शिक्षण घरीच. पण शिकवायला कोण? तर अणुसिद्धांतवाला जॉन डाल्टन! वडिलांनी जेम्स आणि त्याच्या भावाला त्याच्याकडे पाठवलं. डाल्टनला पक्षाघाताचा झटका आला आणि ती शिकवणी थांबली, पण मोजमापाची सवय लागली ती लागलीच. विद्यापीठाचं तोंड जूलने कधी पाहिलं नाही.

त्याची सुरुवात अगदी धंदेवाईक प्रश्नाने झाली. कारखान्यातलं वाफेचं इंजिन काढून तिथे नवीन आलेली इलेक्ट्रिक मोटर बसवली तर परवडेल का? त्या काळी वीज यायची बॅटरीतून आणि बॅटरीत खर्च व्हायचं जस्त. त्याने हिशोब मांडला. एक पौंड जस्तातून जेवढं काम मिळतं, त्याच्या कितीतरी पट काम एक पौंड कोळसा वाफेच्या इंजिनात करून देतो, शिवाय जस्त महाग. मोटरचं स्वप्न तिथेच संपलं. मात्र एक प्रश्न उरला : तारेत जी उष्णता तयार होते, तिचा नियम काय?

काचेच्या नळीवर तार गुंडाळायची, ती पाण्याच्या भांड्यात बुडवायची, करंट सोडायचा आणि ठरावीक वेळाने थर्मामीटर बघायचं. बस, एवढाच प्रयोग. १८४० मध्ये, वयाची बावीस वर्षंही पूर्ण व्हायच्या आत, त्याला उत्तर मिळालं : उष्णता करंटच्या वर्गाच्या आणि रेझिस्टन्सच्या प्रमाणात वाढते. आपण कॉलेजात आय स्क्वेअर आर म्हणून घोकतो तेच. रॉयल सोसायटीने त्याचा फक्त सारांश छापला. पूर्ण लेख पुढच्या वर्षी दुसऱ्या नियतकालिकात आला.

आता हा नियम वरच्या गणिताला लावून बघा. रेझिस्टन्स निम्मा केला तर करंट दुप्पट होतो. वर्ग केला की चौपट, त्याला निम्म्या रेझिस्टन्सने गुणलं की उष्णतेचा वेग दुप्पट. पण चार्जिंगही निम्म्या वेळात संपतं! त्यामुळे एकूण उष्णता जशीच्या तशी. १००० ओहमला सुरुवातीला २५ मिलिवॉट, १० ओहमला अडीच वॉट. शेवटी दोन्हीकडे जळतात १२.५ मिलिजूलच. मला विचाराल तर सर्किट थिअरीत यापेक्षा सुंदर काटछाट क्वचितच सापडते.

तुमच्या फोनच्या चिपमध्ये हेच चालतं. प्रत्येक ट्रान्झिस्टरचं गेट म्हणजे एक चिमुकला कपॅसिटर. तो भरताना निम्मी ऊर्जा उष्णता होते, रिकामा करताना साठलेली उरलेली निम्मीही. असे अब्जावधी कपॅसिटर, सेकंदाला अब्जावधी क्लॉक. गेम खेळताना फोन तापतो तो मुख्यतः यामुळे. बॅटरी सेव्हर क्लॉक कमी करतो, आणि जमेल तिथे व्होल्टेजही, कारण ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गावर जाते. बाय द वे, हा तोटा अटळ नाही. कपॅसिटर आधी अडीच व्होल्टला आणि मग ५ व्होल्टला जोडला तर तोटा थेट निम्म्यावर, ६.२५ मिलिजूल. जितक्या जास्त पायऱ्या, तितका तोटा कमी.

पण जूलच्या काळात ऊर्जा टिकते हेच मान्य नव्हतं. उष्णता म्हणजे एक प्रकारचा न दिसणारा द्रव, तो इकडून तिकडे वाहतो पण तयार होत नाही, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानायचे. मग तारेतली उष्णता बॅटरीतूनच वाहत आली असेल ना? हा मुद्दा खोडायला जूलने बॅटरीच काढून टाकली. चुंबकांमध्ये पाण्यात ठेवलेली कॉइल फिरवली. बॅटरी नाही, तरी पाणी तापलं. म्हणजे फिरवण्याच्या श्रमाचीच उष्णता झाली. १८४३ मध्ये कॉर्कच्या सभेत त्याने हे सांगितलं, तर कोणी फारसं लक्षच दिलं नाही. एक तर हौशी माणूस, त्यात अंशाच्या बारीक भागांवर बेतलेला दावा. इतकं बारीक मोजता येतं यावरच लोकांचा विश्वास नव्हता. जूलकडे मात्र मँचेस्टरच्या डॅन्सरने बनवलेले उत्तम थर्मामीटर होते.

मग तो प्रसिद्ध प्रयोग : वजन खाली येतं, पाण्यातली पाती फिरतात, पाणी किंचित तापतं. १८४७ मध्ये ऑक्सफर्डला अध्यक्षांनी त्याला थोडक्यात आटपायला सांगितलं. श्रोत्यांत विशीतला विल्यम थॉमसन होता, पुढचा लॉर्ड केल्विन. त्याला पटलं नाही, पण डोक्यातूनही जाईना. पुढे दोघांनी मिळून वर्षानुवर्षं प्रयोग केले. वायू प्रसरण पावताना थंड होण्याच्या परिणामाला आज दोघांचंही नाव आहे. याच थॉमसनने १८५३ मध्ये दाखवलं की रेझिस्टन्स पुरेसा कमी असेल तर कपॅसिटर एका दमात रिकामा होत नाही, चार्ज झोके घेत मागे-पुढे जातो.

१८५० मध्ये जूल रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १८५४ मध्ये पत्नी अमेलिया गेली, पदरात दोन मुलं. पुढे धंदाही सुटला, पैसे प्रयोगांत संपत गेले आणि १८७८ पासून सरकारने वर्षाला २०० पौंड पेन्शन दिली. त्याच सुमारास त्याने पुन्हा एकदा तोच आकडा मोजला : एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला ७७२.५५ फूट-पौंड काम. आजचा आकडा साधारण ७७८. चूक एक टक्क्याहून कमी!

१८८२ मध्ये विल्यम सीमेन्सने ऊर्जेच्या एककाला जूलचं नाव सुचवलं : एक ओहममधून एक अँपिअर एक सेकंद वाहिला की जेवढी उष्णता, तो एक जूल. १८८९ च्या ऑगस्टअखेर पॅरिसच्या विद्युत परिषदेने ते मान्य केलं. ११ ऑक्टोबरला सेल इथे जूल वारला. तिथल्या ब्रुकलंड्स दफनभूमीत त्याच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे.