शास्त्रज्ञांची ओळख : जाक आर्सेन दार्सोनव्हाल

विद्यार्थी मित्रहो, हुबळी-धारवाडच्या शाळा-कॉलेजांत आपण जो काटेवाला गॅल्व्हानोमीटर हाताळतो, त्याच्याशी जोडलेल्या शास्त्रज्ञाची ओळख या अंकात आम्ही करून देत आहोत.

दार्सोनव्हाल यांचा जन्म ८ जून १८५१ रोजी फ्रान्समध्ये झाला. वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांच्या हाताखाली काम केले. १८८२ मध्ये देप्रे यांच्यासह त्यांनी फिरत्या वेटोळ्याचा गॅल्व्हानोमीटर बनवला.

१८९६ मध्ये त्यांनी एक अजब गोष्ट नोंदवली. प्रत्यावर्ती विद्युतधारा वाहणाऱ्या मोठ्या वेटोळ्यात डोके ठेवले की माणसाला प्रकाशाची लुकलुक दिसे! चक्करही येई, काहींना तर मूर्च्छा आली. दिवा नसताना हा प्रकाश कुठला? बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तारेत वीज निर्माण होते, हे फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवले होते. तशीच ती शरीरातही होते. ती लुकलुक बहुधा डोळ्याच्या दृष्टिपटलात उत्पन्न होत असावी, असे आज मानतात.

पुढे १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी चुंबकीय स्पंदांनी थेट मेंदू उत्तेजित केला. असे स्पंद डोक्याच्या मागच्या भागावर दिल्यास मिटल्या डोळ्यांनाही चमक दिसू शकते. नैराश्याच्या उपचारातही आता ही पद्धत वापरतात.

हे पाहायला दार्सोनव्हाल नव्हते. ३१ डिसेंबर १९४० रोजी त्यांचे निधन झाले. पण जे आढळले, ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले. आपणही प्रयोगवहीत पुस्तकातले उत्तर न उतरवता, काट्याने दाखवलेला आकडाच लिहू या.