श्रीनगरचे बिस्कोसाहेब

शब्बाथ शाळेचा हजेरीपट हाती घेतला म्हणजे आम्हांला एका शिक्षकाची आठवण होते. मुले किती रविवार आली, किती वचने पाठ झाली, ह्याची नोंद आपण सर्वच ठेवतो. मुलाने आठवडाभरात कोणाला हात दिला, ह्याची नोंद मात्र बहुधा कोठेच नसते. रेव्ह. सेसिल टिंडेल-बिस्को ह्यांनी श्रीनगरच्या मिशन शाळेत ती ठेवली, आणि एका मरगळलेल्या शाळेचा कायापालट झाला.

त्यांचा जन्म सन १८६३ मध्ये इंग्लंडात झाला. शाळेत असताना ते अंगाने लहानखुरे. मोठ्या मुलांनी त्यांचा फार छळ केला. पुढे केंब्रिज विद्यापीठात तीच लहान चण कामी आली. सन १८८४ च्या ऑक्सफर्डविरुद्धच्या शर्यतीत केंब्रिजच्या विजयी नावेचे सुकाणू त्यांच्या हाती होते. पाळकपदाची दीक्षा घेतल्यावर लंडनच्या पूर्व भागातील गरीब वस्तीत त्यांनी काही काळ सेवा केली. सन १८९० मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने त्यांना काश्मिरात धाडले.

झेलमकाठच्या त्या शहरात मिशनची शाळा आधीच सुरू होती. विद्यार्थी बहुतेक काश्मिरी पंडितांच्या घरचे. कित्येकांना दाढी फुटलेली, कित्येकांची लग्ने झालेली. अंगात लांब फेरन, फेरनाखाली शेकोटीची कांगडी, आणि मनात एकच हेतू : परीक्षा पास होऊन सरकारी नोकरी मिळवायची. धावणे, पोहणे, वल्हे मारणे ही हलक्या लोकांची कामे. अंगमेहनतीने हात राठ झाले तर प्रतिष्ठा जाईल, अशी समजूत. शहराच्या पोटातून नदी वाहते आणि मुलांना पोहता येत नाही, अशी स्थिती.

सन १८९१ मध्ये बिस्कोसाहेबांनी फुटबॉल आणला. चेंडू चामड्याचा, म्हणून कोणी त्याला शिवेना. शिक्षकांच्या हाती काठ्या देऊन त्यांनी मुलांना मैदानावर नेले. खेळ सुरू झाला तोच चेंडू एकाच्या तोंडावर बसला. आपण बाटलो, म्हणून तो रडू लागला. साहेबांनी त्याला पाण्याकडे नेऊन तोंड धुववले आणि खेळ पुन्हा चालू केला. पुढे ठरावीक वयापर्यंत जो पोहायला शिकणार नाही त्याची फी वाढेल, असा नियम त्यांनी केला. बापांना उपदेश पटला नसता, फी मात्र पटली!

परंतु खेळ हे साधन होते. मुलाच्या गुणांचे त्यांनी तीन वाटे केले : एक बुद्धीचा, एक शरीराचा आणि एक इतरांशी असलेल्या वर्तनाचा. पुस्तकात हुशार पण शेजाऱ्याच्या उपयोगी न पडणारा मुलगा ह्या शाळेत पहिला येऊ शकत नसे. शहरात आग लागली की शाळेची मुले बंब घेऊन धावत. पटकीच्या साथीत त्यांनी घाण गल्ल्या साफ केल्या. पूर आला तेव्हा नावा घेऊन अडकलेल्यांना सोडवले. रुग्णालयातून बरे होत असलेल्या रोग्यांना नावेत बसवून सरोवरावर हिंडवून आणणे हाही शाळेचाच पाठ होता. हे सारे एकट्या साहेबांच्याने झाले नाही. आप्तेष्टांचे टोमणे सोसून आधी फावडे उचलले ते तेथल्याच काश्मिरी शिक्षकांनी. त्यांचे ऋण आम्हांस मोठे वाटते.

विरोध दोन्हीकडून झाला. पालक रागावले, कित्येकांनी मुले काढून नेली. इकडे मिशनमध्येही प्रश्न निघाला : इतक्या वर्षांत बाप्तिस्मे किती? ती संख्या फारच थोडी होती. हा प्रश्न वावगा होता असे आम्ही म्हणणार नाही. पण शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूचे अनुकरण करायला शिकवणे हीदेखील सुवार्तेचीच सेवा आहे, अशा निष्ठेने ते काम करीत राहिले.

त्यांच्यात दोष नव्हते असे नाही. छडीवर त्यांचा फार भरवसा होता, आणि काश्मिरी लोकांविषयी त्यांनी लिहिलेले पुष्कळ आज वाचताना बोचते. त्यांची छडी आपण उचलू नये, आणि ती राज्यकर्त्याची नजरही नको.

सन १९४७ मध्ये त्यांनी काश्मीर सोडले. दोन वर्षांनी, सन १९४९ मध्ये, आफ्रिकेतील ऱ्होडेशियात त्यांना देवाज्ञा झाली. श्रीनगरची ती शाळा आजही त्यांच्या नावाने चालू आहे.

शिक्षकबंधुभगिनींनो, येत्या रविवारी आपल्या हजेरीपटात आणखी एक रकाना आखून पाहू या. तो भरण्यासाठी मुलांना आठवडाभर काहीतरी करावे लागेल. आणि आधी आपल्याला.