एक्सप्लेनर : ७० हजारांहून जास्त पुतळ्या, संध्याकाळचे ७ आणि एका सर्व्हेअरचा हट्ट, वॉटर्लूच्या मॉडेलची गोष्ट

दिवाळीत मातीचा किल्ला केलेल्या प्रत्येकाला एक अडचण माहीत असते. बाजारातून आणलेला मावळा किल्ल्याच्या दरवाजापेक्षा उंच निघतो. तोफ बुरुजावर मावत नाही. हळिवाचं गवत उगवतं तेव्हा ते सैनिकांच्या डोक्यावरून जातं. आपण हसून सोडून देतो, कारण तो खेळ असतो.

जगात असे लाखो लोक आहेत, जे हे सोडून देत नाहीत. टेबलटॉप वॉरगेमिंग या छंदात जुन्या लढाया टेबलावर मांडून खेळल्या जातात. सैनिक बोटाच्या पेराएवढा असतो, पण त्याच्या गणवेशाची कॉलर कोणत्या रंगाची हवी, यावर तासन् तास वाद होतात. शेत, कुंपण, ओढा, चढ सगळं मापात लागतं. अनेक स्पर्धांमध्ये न रंगवलेले सैनिक टेबलावर ठेवूच देत नाहीत.

हा काटेकोरपणा टोकाला नेणाऱ्यांमध्ये जवळपास २०० वर्षांपूर्वीच्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याचं नाव आवर्जून घेतलं जातं : विल्यम सायबोर्न. त्याने खेळासाठी काही केलं नाही. त्याने वॉटर्लूची लढाई एका मोठ्या मॉडेलवर उभी केली. अचूकतेच्या हट्टापायी तो कर्जात बुडाला आणि देशातल्या सर्वांत वजनदार माणसाची नाराजी त्याने ओढवून घेतली. समजून घेऊया त्याची गोष्ट.

कोण होता विल्यम सायबोर्न?

जन्म १७९७ चा. वडील बेंजामिन सायबोर्न ब्रिटिश पायदळात अधिकारी होते आणि नेपोलियनविरुद्धच्या युद्धात जखमी झाले होते. मुलगाही त्याच वाटेने गेला. लष्करी कॉलेजात शिकून तो १८१३ मध्ये वडिलांच्याच ९ व्या पायदळ पलटणीत अधिकारी म्हणून रुजू झाला.

१८ जून १८१५ रोजी आजच्या बेल्जियममध्ये वॉटर्लूजवळ नेपोलियनचा अखेरचा पराभव झाला. सायबोर्न त्या लढाईत नव्हता. लढाई संपल्यानंतर फ्रान्समध्ये राहिलेल्या सैन्यात तो दाखल झाला. ज्या लढाईवर त्याने पुढचं आयुष्य खर्च केलं, ती त्याने स्वतः पाहिलीच नव्हती.

त्याचं खरं कौशल्य होतं जमिनीची मोजणी आणि नकाशे. डोंगर-उतार कागदावर कसे दाखवायचे, या विषयावर त्याने १८२२ आणि १८२७ मध्ये दोन पुस्तकं लिहिली. १८२६ पासून तो आयर्लंडमधल्या सरसेनापतींच्या कार्यालयात सहायक लष्करी सचिव होता. पोस्ट बरी होती, पगार बेताचा होता आणि बढती वरिष्ठांच्या मर्जीवर होती. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

मॉडेलची कल्पना कुठून आली?

१८३० मध्ये लंडनमध्ये लष्करी संग्रहालय उभं राहत होतं. त्यासाठी वॉटर्लूचं मॉडेल हवं होतं. सरसेनापती लॉर्ड हिल यांनी हे काम सायबोर्नला दिलं. खर्च सरकार करणार होतं.

दुसरा कोणी असता तर उपलब्ध नकाशे घेऊन कामाला लागला असता. सायबोर्न थेट रणभूमीवर गेला. लढाईच्या मधोमध ला ए सँत नावाचं शेतघर होतं. त्याच्यासाठी दिवसभर रक्तपात झाला होता. त्याच घरात तो ८ महिने राहिला आणि आजूबाजूची जमीन त्याने मोजून काढली.

यात एक मोठी अडचण होती. लढाईची आठवण म्हणून नेदरलँड्सच्या राजाने तिथे सुमारे ४० मीटर उंच मातीची टेकडी उभारली होती. तिच्यावर आजही सिंहाचा पुतळा आहे. ही टेकडी १८२६ मध्ये पूर्ण झाली आणि तिच्यासाठी माती काढली ती रणभूमीवरूनच. ज्या उंचवट्यामागे ब्रिटिश सैन्य दडून उभं होतं, त्याचाच काही भाग खणला गेला होता. मोजायची जमीनच बदललेली होती.

सैनिक कुठे उभे होते, हे कसं शोधलं?

एक लढाई दिवसभर चालते, मॉडेल मात्र एकच क्षण दाखवतं. व्हिडिओ पॉज करावा तसं. सायबोर्नने निवडला संध्याकाळी ७ च्या सुमाराचा क्षण. नेपोलियनने आपली राखीव इम्पीरियल गार्ड ही निवडक फौज शेवटच्या हल्ल्यासाठी पुढे काढली, ती मागे रेटली गेली आणि लढाईचा निकाल लागला, तो क्षण.

त्या वेळी कोणती पलटण कुठे होती, हे कळायला त्याने वॉटर्लूत लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवली. प्रश्न ठरावीक होते. ७ वाजता तुमची तुकडी कुठे होती? कोणत्या रचनेत उभी होती? समोर शत्रू कोण होता? आणि तुमच्या आसपासच्या शेतात पीक कोणतं होतं?

शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण जून महिन्यात तिथे राय नावाचं धान्य माणसाच्या उंचीला येतं. उभ्या पिकात सैनिक दिसत नाही, तुडवलेल्या पिकात दिसतो. म्हणून पिकाची नोंदही हवी.

उत्तरं आली ती शेकड्यांनी, सुमारे ७०० पत्रं. एखाद्या लढाईबद्दल लढणाऱ्यांनाच पद्धतशीर प्रश्न विचारून माहिती गोळा करण्याचा हा फार लवकरचा आणि मोठा प्रयत्न होता. अर्थात, मर्यादाही होत्या. पत्रं अधिकाऱ्यांना गेली होती, साध्या शिपायाला कोणी विचारलं नाही. १५-२० वर्षं उलटली होती. लढाईत धूर इतका होता की शेजारची पलटणही दिसत नव्हती. एकाच घटनेची वेळ दोघे वेगवेगळी सांगत, आणि इम्पीरियल गार्डला आपल्याच पलटणीने हटवलं, असं सांगणारेही एकापेक्षा जास्त होते. सायबोर्न एकाचं उत्तर दुसऱ्याशी ताडून पाहत राहिला. प्रशियाच्या आणि इतर मित्रसैन्यांकडूनही त्याने माहिती मागवली.

मॉडेल नेमकं केवढं होतं?

लांबी-रुंदी प्रत्येकी साधारण ६ मीटर, म्हणजे मध्यम आकाराचा हॉल भरेल एवढं. हलवता यावं म्हणून ते ३९ तुकड्यांत बनवलं होतं. जमिनीचं प्रमाण एका मैलाला सुमारे ९ फूट, म्हणजे जवळपास १:६००.

आता थोडं गणित. १:६०० प्रमाणात पावणेसहा फुटांचा माणूस फक्त ३ मिलिमीटरचा होतो, तांदळाच्या दाण्याहून छोटा. त्याची बंदूक दिसणारच नाही. म्हणून सैनिक साधारण १ सेंटीमीटर उंच केले. जमिनीचंही तसंच. १० मीटरचा चढ या प्रमाणात दीड-पावणेदोन सेंटीमीटरचा भरतो आणि ६ मीटरच्या पसाऱ्यात तो सपाटच वाटतो. वॉटर्लूची लढाई तर अशाच लहान चढ-उतारांवर ठरली होती. म्हणून उंची मुद्दाम वाढवून दाखवली गेली.

मोजपट्टीला चिकटून राहिलं तर डोळ्याला खोटं दिसतं आणि डोळ्याला खरं दाखवायचं तर मोजपट्टी सोडावी लागते. आजचे वॉरगेमर हाच पेच रोज सोडवतात. टेबलावरचं घर सैनिकाच्या मानाने अनेकदा लहान ठेवतात, नाहीतर अख्खं गाव दोन घरांतच संपतं.

सैनिकांच्या पुतळ्या कथील-शिशाच्या होत्या आणि त्यांची संख्या होती ७० हजारांहून जास्त. ढोबळमानाने दोन सैनिकांमागे एक पुतळी. पायदळ, घोडदळ, तोफा सगळं वेगवेगळं, आणि गणवेशाप्रमाणे रंगवलेलं.

पैसे कुठून आले?

खरी पंचाईत इथे झाली. काम सुरू होताच देशातलं सरकार बदललं. १८३३ मध्ये नव्या सरकारने आणखी पैसे द्यायला नकार दिला. मॉडेल अर्धवट होतं. सायबोर्नने ते सोडलं नाही. नोकरी सांभाळून, कर्ज काढून त्याने काम पुढे रेटलं. एकूण खर्च सुमारे ३,००० पौंडांवर गेला. त्याच्यासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यासाठी ही रक्कम कित्येक वर्षांच्या पगाराएवढी होती.

ऑक्टोबर १८३८ मध्ये मॉडेल लंडनच्या पिकॅडिली भागातल्या इजिप्शियन हॉलमध्ये लोकांसाठी खुलं झालं. तिकीट एक शिलिंग. सुमारे १ लाख लोकांनी ते पाहिलं. २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे गल्ला ५,००० पौंडांच्या घरात जायला हवा. सायबोर्नच्या हाती मात्र फारसं काही लागलं नाही. प्रदर्शन चालवणाऱ्यांनी आपल्याला फसवलं, अशी त्याची तक्रार होती.

वेलिंग्टन का नाराज झाला?

वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन. महाराष्ट्राला हा माणूस अनोळखी नाही. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली या नावाने त्यानेच अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला जालना जिल्ह्यातल्या असई इथे शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. वॉटर्लूनंतर तो राष्ट्रीय नायक झाला आणि १८२८ ते १८३० पंतप्रधानही.

मॉडेलवर ७ वाजताच्या क्षणी सायबोर्नने सुमारे ४८ हजार प्रशियन सैनिक दाखवले होते. वॉटर्लूच्या दिवशी सेनापती ब्लुशरचं प्रशियन सैन्य दुपारनंतर नेपोलियनच्या उजव्या बगलेवर येऊन धडकलं. प्लांसनोआ गावात घनघोर लढाई झाली आणि नेपोलियनला राखीव फौजेचा मोठा भाग तिकडे वळवावा लागला. हे सगळं नोंदलेलं आहे. पण कागदावर वाचणं वेगळं आणि डोळ्यांनी पाहणं वेगळं. प्रेक्षकाने मॉडेलकडे एक नजर टाकली की प्रशियनांची ती गर्दी लगेच दिसायची. मग विजय नक्की कोणाचा, हा प्रश्न आपोआप यायचा.

वेलिंग्टनच्या बाजूचं म्हणणं असं, की या मांडणीमुळे लोकांचा चुकीचा समज होईल. सायबोर्नशी पत्रव्यवहार होता लॉर्ड फिट्झरॉय सॉमरसेटचा. वॉटर्लूत उजवा हात गमावलेला हा वेलिंग्टनचा विश्वासू आता लष्कराच्या मुख्यालयात सचिव होता. म्हणजे सायबोर्नच्या बढतीची फाइल ज्या टेबलांवरून जायची, त्यातलं एक त्याचं.

सायबोर्नने बराच काळ आपली मांडणी राखली. शेवटी त्याने चूक मान्य करून सुमारे ४० हजार प्रशियन सैनिक मॉडेलवरून काढून टाकले. तो दबावाला बळी पडला की नवी माहिती पाहून त्याचं मत खरोखर बदललं, यावर अभ्यासकांमध्ये आजही एकमत नाही. दोन्ही बाजूंची पुस्तकं आहेत.

पुढे काय झालं?

त्याने दुसरं मॉडेल केलं. ते लहान जागेचं, पण मोठ्या आकाराच्या सैनिकांचं होतं. त्यात दुपारी ब्रिटिश जड घोडदळाने केलेला हल्ला दाखवला होता. १८४४ मध्ये जमवलेल्या पत्रांच्या आधारे त्याने १८१५ च्या मोहिमेचा इतिहास दोन खंडांत प्रसिद्ध केला, सोबत नकाशांचा संच. पुस्तक चाललं. मॉडेलचा खर्च मात्र भरून निघाला नाही. सरकारने मॉडेल विकत घ्यावं, यासाठी त्याने केलेले प्रयत्न फुकट गेले.

अखेरची काही वर्षं तो लंडनच्या चेल्सी भागात सैनिकांच्या मुलांसाठी असलेल्या लष्करी संस्थेत सचिव होता. जानेवारी १८४९ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी त्याचं निधन झालं. त्यानंतर युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनच्या सदस्यांनी वर्गणी काढून मोठं मॉडेल घेतलं. ज्या संग्रहालयासाठी ते मुळात बनलं होतं, तिथे ते पोहोचलं, पण बनवणारा ते पाहायला नव्हता.

आज त्याचं काय उरलं आहे?

बरंच काही. मोठं मॉडेल लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमच्या संग्रहात आहे, दुसरं लीड्सच्या रॉयल आर्मरीजकडे. पत्रं ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यातली निवडक पत्रं सायबोर्नच्या मुलाने, मेजर जनरल एच. टी. सायबोर्नने, १८९१ मध्ये प्रसिद्ध केली. वॉटर्लूवर लिहिणाऱ्या अभ्यासकाला आजही या पत्रांकडे यावंच लागतं.

छंदही वाढतच गेला. जून २०१९ मध्ये ग्लासगोत वॉटर्लूची लढाई टेबलांवर पुन्हा खेळली गेली. हाताने रंगवलेल्या २० हजारांहून अधिक पुतळ्या त्यासाठी मांडल्या होत्या. त्या टेबलांवर प्रशियनही होते.

टेबलावरचा सैनिक रंगवताना कॉलरचा रंग चुकला तर फार तर मित्र हसतात. पण तो सैनिक तिथे होता की नव्हता, हे ठरवताना आपण इतिहासाबद्दल विधान करत असतो. सायबोर्नच्या मॉडेलवर आज थोडेच प्रशियन उभे आहेत. बाकीचे कुठे होते हे शोधायचं असेल, तर त्यानेच जमवलेली पत्रं उघडावी लागतात.